येझदी २५० : पॉइंट ठेवावेत की इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे?

संत्रापट्टा, वरूड तालुका (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. आमच्या घरी वडिलांनी वापरलेली येझदी २५० मोटारसायकल आहे. ती सहा व्होल्टची असून डायनॅमो आणि बॅटरीवर चालते. इंजिन थंड असताना ती पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते. परंतु उन्हाळ्यात वावरातून निघून वरूडच्या बाजारात नेऊन उभी केली, की इंजिन पूर्ण निवेपर्यंत पुन्हा सुरू होत नाही. वेगात असताना मधूनमधून मिसिंगही करते, म्हणजे ठिणगी चुकून झटके देते. उजवीकडचे झाकण काढून पाहिले असता किक मारताना पॉइंटच्या (कॉईलचा प्रवाह जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांच्या) मध्येच ठसठशीत ठिणगी उडताना दिसते, आणि प्लगवरची ठिणगी मात्र पिवळी व बारीक असते. पॉइंटच्या एका टोकाला खड्डा आणि दुसऱ्या टोकाला उंचवटा तयार होतो. पॉलिश पेपरने घासून सपाट केला तरी तो थोड्याच दिवसांत परत येतो.

इकडचे मिस्त्री आता सीडीआयच्या (पॉइंट नसलेल्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या) गाड्यांनाच सरावलेले आहेत, त्यामुळे जुने सगळे काढून टाकावे असाच सल्ला मिळतो. गाडीचे मूळ रूप शक्यतो बिघडवू नये अशी माझी इच्छा आहे, पण ती रोज वापरता यावी हेही तितकेच महत्त्वाचे आहे. पॉइंट ठेवूनच दुरुस्ती करावी, पॉइंटच्या जागी सेन्सर बसवावा, की डायनॅमोसकट सर्व बदलून बारा व्होल्ट करावे?

निवृत्त निदेशक, दारव्हा

आपण लक्षणे नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. पॉइंट उघडतात त्या क्षणी कॉईलमधला प्रवाह तुटतो, तिच्यातले चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळते आणि त्यातूनच प्लगसाठी हजारो व्होल्ट तयार होतात. प्रवाह तुटताना पॉइंटमध्ये ठिणगी पडू नये यासाठी कंडेन्सर असतो. तो निकामी झाला की जी शक्ती प्लगवर जायची ती पॉइंटमध्येच जळते. टोकांवरचा खड्डा-उंचवटा, गरम झाल्यावर गाडी सुरू न होणे आणि प्लगवरची पिवळी ठिणगी, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर पहिला संशय कंडेन्सरवरच घ्यावा. तो इंजिनाला लागूनच बसलेला असतो. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात गाडी बंद केल्यावर वारा थांबतो आणि आतली उष्णता आणखी वाढते.

०.२ ते ०.३ मायक्रोफॅरडचा चांगला कंडेन्सर घेऊन तो इंजिनापासून दूर, कॉईलजवळ फ्रेमवर बसवावा. अर्थिंगच्या जागेवरचा रंग खरवडून उघड्या लोखंडावर तो पक्का कसावा. त्यानंतर पॉइंट जास्तीत जास्त उघडलेले असताना फिलर गेजने ०.४ मिलिमीटर अंतर ठेवावे, आणि टायमिंग (ठिणगी पडण्याची नेमकी वेळ) त्याच्यानंतरच लावावे. हा क्रम उलटा चालत नाही, कारण अंतर वाढले की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकते.

आणखी एक तपासणी मी अत्यावश्यक मानतो. आर्मेचर (डायनॅमोचा फिरणारा भाग) हाताने धरून वर-खाली हलवून पाहावे. येझदीत पॉइंट उघडणारा कॅम आर्मेचरबरोबर क्रँकच्याच टोकावर फिरतो, म्हणून मेन बेअरिंग झिजले की पॉइंटचे अंतर प्रत्येक फेऱ्यात बदलते. टू-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्याला एक ठिणगी लागते, म्हणजे मिनिटाला ५,००० फेरे असताना सेकंदाला ८३. अशा वेळी डुलणाऱ्या कॅमवर नेमके टायमिंग राहणे शक्य नाही.

कापूसवाडी, हिंगणघाट

वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. पुढचा प्रश्न राहतो तो पर्यायांचा. पॉइंट तसेच ठेवून ट्रान्झिस्टरचे मॉड्यूल जोडता येते. त्यात कॉईलचा तीन-चार अँपिअर प्रवाह मॉड्यूल तोडते आणि पॉइंटमधून अगदी थोडा प्रवाह जातो, त्यामुळे ते जळत नाहीत. मात्र कॅमवर घासणारी टाच झिजतच राहते. पॉइंट काढून सेन्सर बसवला तर ती झीजही संपते, पण अडचण वीजपुरवठ्याची उरते. जुना डायनॅमो कमी वेगात पुरेसे चार्जिंग देत नाही, दिवा लावून सावकाश चालवले की बॅटरी उतरते, आणि बारा व्होल्टसाठी बनवलेले स्वस्त मॉड्यूल सहा व्होल्टच्या अर्धवट बॅटरीवर किक मारताना काम करत नाही. म्हणून सहा व्होल्टवर नुसता सेन्सर बसवण्याच्या मी विरोधात आहे.

रोज वापरायची असेल तर पूर्ण संच घ्यावा. चेक प्रजासत्ताकातल्या व्हेप कंपनीचे असे संच जावासाठी (येझदी याच गाडीवर आधारलेली आहे) मिळतात. आपल्या मॉडेलला कोणता बसतो हे विक्रेत्याकडून पक्के करून घ्यावे. आर्मेचरच्या जागी चुंबकाचा रोटर येतो, बारा व्होल्ट मिळतात आणि कार्बन ब्रशही जातात. ज्या संचात इग्निशनसाठी वीज तयार करणारी कॉईल स्वतंत्र असते तोच निवडावा, म्हणजे बॅटरी मेली तरी गाडी सुरू होते. बल्ब, हॉर्न आणि बॅटरी मात्र बदलावी लागेल. सर्व काही झाकणाच्या आत राहत असल्याने बाहेरून गाडीचे रूप बदलत नाही. जुना डायनॅमो तेल लावून जपून ठेवावा. आर्मेचर क्रँकच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) घट्ट बसलेले असते, ते पुलर बोल्टनेच काढावे. हातोडा मारल्यास क्रँक वाकतो. फ्रेमला वेल्डिंग करायचे झाल्यास मॉड्यूलची जोडणी आधी सोडावी.

संत्रापट्टा, वरूड तालुका

दोघांचेही मनापासून आभार. नवा कंडेन्सर कॉईलजवळ लावल्यापासून गरम इंजिनही सुरू होते आणि पॉइंटमधली ठिणगी जवळपास नाहीशी झाली. वेगातले मिसिंग मात्र गेलेले नाही. आर्मेचर वर उचलून धरले असता अंतर ०.४ आणि खाली दाबले असता ०.५५ भरते. पॉइंटच्या प्लेटवर तेलाचा ओलावाही दिसतो.

निवृत्त निदेशक, दारव्हा

मग बेअरिंगबरोबर उजवीकडचे ऑइल सीलही गेले आहे. त्या वाटेने बाहेरची हवा आत ओढली जाते, पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ होते आणि इंजिन वाजवीपेक्षा जास्त तापते. असेच चालवत राहिल्यास पिस्टन जाम होण्याचा धोका आहे. संचाची खरेदी थोडी पुढे ढकलावी आणि आधी इंजिन उघडून दोन्ही बाजूंची मेन बेअरिंग व सील बदलून घ्यावीत. डुलत्या क्रँकवर नवा रोटर बसवला तर तो स्टेटरला (संचाच्या स्थिर भागाला) घासेल आणि महागडा संच वाया जाईल.

इंजिन पुन्हा जोडून झाल्यावर नवा रोटर बसवताना त्यावरच्या खुणेवर विसंबू नये. प्लगच्या भोकातून डेप्थ गेज घालून पिस्टनचा सर्वांत वरचा बिंदू शोधावा आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या मिलिमीटरइतका तो खाली असताना टायमिंग कायम करावे. प्लगची फट ०.६ मिलिमीटर ठेवावी, आणि प्लगची कॅप ५ किलोओहम रेझिस्टरची घ्यावी.