‘ब्रेक-सर्किट क्रोनोमीटर’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : लिलावाच्या एका यादीत ‘ब्रेक-सर्किट क्रोनोमीटर, नेगस, न्यूयॉर्क’ असं आहे (क्रोनोमीटर म्हणजे अतिशय अचूक घड्याळ, नेगस हे बनवणाऱ्याचं नाव). मी ‘विजेवर चालणारा कालमापक’ लिहिलंय. चालेल ना? आणि क्रोनोमीटर, क्रोनोग्राफ एकच का?

– एकच नव्हेत. ग्रीक ‘क्रोनोस’ म्हणजे काळ. एक तो मोजतो, दुसरा लिहितो. फ्रेंच घड्याळजी रियुसेकने १८२१ साली पॅरिसला घोड्यांच्या शर्यतीत वापरलेलं यंत्र तबकडीवर खरोखरच शाईचा ठिपका टाकायचं. आता मनगटावरच्या स्टॉपवॉचवाल्या घड्याळालाही क्रोनोग्राफ म्हणतात, लिहिणं-बिहिणं काही नाही. घोळ तिथून सुरू होतो.

– ‘विजेवर चालणारा’ मात्र काढाच. तारा जोडायच्या पट्ट्या बघून फसलात! या क्रोनोमीटरला चावीच द्यावी लागते. कमान, बॅलन्स व्हील (मागेपुढे झोके घेणारं चाक) सगळं जहाजावरच्या क्रोनोमीटरसारखंच. फक्त आतल्या चाकाच्या दात्याने एक नाजूक पट्टी दर सेकंदाला (काहींत दर दोन सेकंदांनी) क्षणभर उचलली जाते आणि बाहेरच्या बॅटरीचा प्रवाह तुटतो. पलीकडे क्रोनोग्राफच्या फिरत्या नळकांड्यावरच्या कागदावर लेखणी रेघ ओढत असते, ती तेवढ्यात बाजूला सरकते. मिनिट ओळखू यावं म्हणून बहुतेकांत एक ठोका गाळलेला असतो. आकाशातला तारा दुर्बिणीतल्या रेषेवरून गेल्याची वेळ निरीक्षक त्याच कागदावर कळ दाबून टिपायचा. म्हणजे वरच्या दोन्ही शब्दांची इथे गाठ पडते: क्रोनोमीटर सांगतो, क्रोनोग्राफ लिहितो. बोस्टनचे घड्याळजी बाँडही असे क्रोनोमीटर करत.

– मग अलेक्झांडर बेनच्या घड्याळाचं काय? ते तर विजेचंच होतं.

– हो, पण ते लंबकाचं घड्याळ. बेन आणि क्रोनोमीटर बनवणारा बारवाइज, दोघांचं पेटंट १८४१चं. तिथे झोका विजेनेच मिळतो. हिप नावाच्या घड्याळजीच्या विजेच्या घड्याळात तर झोका मंदावला तरच विजेचा धक्का बसतो, हा माझा आवडता कंजूषपणा. आपल्याकडे ‘चावीचं’, ‘सेलचं’ असं खाद्यावरून नाव ठेवतात, तीच कसोटी लावा.

– ‘परिपथभंजक कालमापक’ कसं वाटतं?

– घड्याळ बंद पडेल हो!

प्रश्नकर्ता : ‘ब्रेक-सर्किट क्रोनोमीटर’ तसंच ठेवतो आणि पुढे लिहितो, ‘चावीचा, दर सेकंदाला प्रवाह तोडणारा’.

– आधी तुमचा सेकंदाचा की दोन सेकंदांचा ते बघा.