शाळेच्या जुन्या लॅपटॉपसाठी कंपनीचे खरे पार्ट कसे शोधावेत, कुठून घ्यावेत?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. एका कंपनीने शाळेला वापरलेले लॅपटॉप भेट दिले आहेत: थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ५४९० आणि थोडे एचपी प्रोबुक ४४० जी५. यंत्रं उत्तम आहेत, वयानुसार जे झिजायचं तेवढंच झिजलंय. बॅटऱ्या उतरल्यात, काही कीबोर्डच्या कळा गेल्यात, एकाची स्क्रीन वाहतुकीत फुटली आणि काहींचे चार्जर आलेच नाहीत. आमच्याकडे ऐन तासिकेत वीज जाते, म्हणून बॅटरीची काळजी सगळ्यात जास्त.

एक कीबोर्ड ऑनलाइन मागवला होता, तो बसला नाही. विक्रेता म्हणतो, मॉडेल तेच आहे. तालुक्याच्या दुकानात 'ओरिजिनल' म्हणून दाखवलेल्या बॅटरीवर कोणत्याच कंपनीचं नाव नव्हतं. पैसे गावकऱ्यांच्या वर्गणीचे आहेत, प्रत्येक रुपया कारणी लागला पाहिजे. नेमका पार्ट ओळखायचा कसा आणि घ्यायचा कुठून?

तांबडी_वायर

ताई, सोलापुरात माझं दुरुस्तीचं दुकान आहे, रोज हेच काम करतो. पहिली गोष्ट: लॅपटॉपच्या नावावर पार्ट मागवायचाच नाही. एकाच नावाखाली कारखान्यातून चार वेगवेगळी यंत्रं निघालेली असतात.

तुमचंच लॅटिट्यूड घ्या. ५४९० चा कीबोर्ड मधोमध छोटी पॉइंटर काडी असलेला येतो आणि नसलेलाही येतो, शिवाय मागून उजेड देणारा आणि न देणारा. काडीवाल्या यंत्रात टचपॅडच्या वरच्या बाजूलाही बटणं असतात. बॅटरीचंही तसंच. याच मॉडेलला ५१ वॉट-अवरची (वॉट-अवर म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) तीन सेलची, ११.४ व्होल्टची बॅटरी येते, तिचा नंबर ९३एफटीएफ. आणि ६८ वॉट-अवरची चार सेलची, ७.६ व्होल्टची येते, ती जीजेकेएनएक्स. नाव एक, व्होल्टेज वेगळं. विक्रेत्याने 'मॉडेल तेच' म्हणून काय उपयोग?

म्हणून नंबर शोधा. डेलच्या तळाला सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो. तो त्यांच्या सपोर्ट साइटवर टाकला की कारखान्यातून निघताना आत काय काय बसवलं होतं, त्याची पार्ट नंबरसकट यादी मिळते. लेनोवोच्या साइटवर सीरियल नंबर टाकून पार्ट्स लुकअप बघा, तिथे सात अक्षरांचा एफआरयू नंबर, म्हणजे बदलायच्या पार्टचा लेनोवोचा नंबर, मिळेल. एचपीचं पार्टसर्फर नावाचं पान आहे, त्यात सीरियल किंवा प्रॉडक्ट नंबर टाकायचा. सगळं फुकट.

तुमची यंत्रं वापरलेली आहेत, मधे कुणी काही बदललंही असेल. त्यामुळे साइटवरची यादी आणि प्रत्यक्ष पार्टवरचं लेबल दोन्ही जुळवा. जुळलं नाही तर लेबलावर विश्वास ठेवा. झाकण उघडून लेबलचा स्वच्छ फोटो काढा आणि विक्रेत्याला तोच पाठवा. त्याच्याकडच्या पार्टच्या लेबलचा फोटो मागा. फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून घेऊ नका.

निळीशाई

वरच्या दादांशी सहमत, फक्त स्क्रीनबद्दल थोडं. फुटलेल्या पॅनेलच्या, म्हणजे स्क्रीनच्या, पाठीमागे पॅनेल बनवणाऱ्याचा नंबर असतो. बी१४० ने सुरू झाला तर एयूओ, एनव्ही१४० तर बीओई, एलपी१४० तर एलजी. लॅपटॉप कंपनीच्या नावाने शोधण्यापेक्षा या नंबरने शोधलं की तेच पॅनेल बऱ्याच कमी पैशांत मिळतं, कारण लॅपटॉप कंपन्या पॅनेल स्वतः बनवत नाहीत. कनेक्टर ३० पिनचा की ४० पिनचा, ते बघा. टचवालं पॅनेल बहुतेक ४० पिनचं असतं. दुसऱ्या कंपनीचं पॅनेलही चालतं, पण आकार, पिना, रिझोल्यूशन आणि स्क्रू लावायचे कान जुळायला हवेत.

घाटमाथा

मी थोडं वेगळं सांगेन. शाळेचं काम आहे, मुलं हाताळणार आहेत. बॅटरी आणि चार्जर अधिकृत सर्व्हिस सेंटरमधूनच घ्या. महाग पडेल, पण पावती मिळते, वॉरंटी मिळते. अधिकृत केंद्राचा पत्ता कंपनीच्या साइटवरूनच घ्या, सर्च केल्यावर वर येणारे नंबर घेऊ नका. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या राइट टू रिपेअर पोर्टलवरही कंपन्यांच्या सर्व्हिसची माहिती एकत्र आहे.

तांबडी_वायर

घाटमाथा, नव्या मॉडेलसाठी तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण टी४८० हे २०१८ चं यंत्र. इतक्या जुन्या मॉडेलची बॅटरी सेंटरमध्ये असेलच असं नाही, आणि असली तरी ती बनली कधी हे विचारावं लागतं. लिथियम बॅटरी न वापरता कपाटात पडून राहिली तरी म्हातारी होते. पाच वर्षांपूर्वीची सीलबंद ओरिजिनल घेण्यापेक्षा गेल्या वर्षी बनलेली, नाव-नंबर असलेल्या दुसऱ्या उत्पादकाची कंपॅटिबल, म्हणजे त्याच यंत्राला बसणारी, मी घेईन.

पण ती कुठलीही नाही. आपल्याकडे लिथियम बॅटरीला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी सक्तीची आहे. लेबलवर आयएस १६०४६ आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. चार्जरवर आयएस १३२५२ आणि तसाच क्रमांक. बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की कोणत्या उत्पादकाच्या नावावर आहे ते दिसतं. तालुक्याच्या दुकानातली ती बिननावाची बॅटरी या एका तपासणीतच बाद होते.

डेलच्या चार्जरबाबत खास जपा. त्याच्या पिनेतली मधली तार लॅपटॉपला चार्जरची ओळख सांगते. ओळख पटली नाही तर लॅपटॉप चालतो, पण बॅटरी चार्ज करत नाही आणि प्रोसेसरचा वेग पाडतो. थिंकपॅडसुद्धा बॅटरीची ओळख तपासतो, नकली असेल तर चार्ज करणार नाही असा संदेश येतो. म्हणून लेनोवो आणि डेलसाठी परत घेण्याची लेखी हमी असल्याशिवाय पैसे देऊ नका. विक्रेत्याने हमी देऊनही नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

कीबोर्ड, झाकण, बिजागरी, पंखा यांसाठी नवा पार्ट शोधत बसू नका. बंद पडलेल्या लॅपटॉपमधून काढलेला कंपनीचाच पार्ट घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला असे पार्ट काढून विकणारी दुकानं आहेत. रविवारी बहुतेक बंद असतात, शनिवारपर्यंतच जा. बॅटरी मात्र काढलेली कधीच घ्यायची नाही.

पाटीपेन्सिल

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, आभार. आज लेबलं पाहिली. लॅटिट्यूडमध्ये ९३एफटीएफच आहेत, आणि आमच्या यंत्रांना पॉइंटर काडी आहे, आलेल्या कीबोर्डला नव्हती. प्रोबुकवर आरआर०३एक्सएल लिहिलंय. टी४८० मध्ये मात्र दोन बॅटऱ्या दिसतात, एक मागे बाहेर आणि एक आत. दोन्ही बदलायच्या का? आणि बॅटरी आल्यावर ती खरी आहे हे कसं बघू?

तांबडी_वायर

आरआर०३एक्सएल बरोबर आहे, त्या नंबरने निर्धास्त शोधा.

टी४८० ही तुमच्या शाळेसाठी देणगीच आहे. आतली बॅटरी २४ वॉट-अवरची, मागची २४, ४८ किंवा ७२ ची मिळते. पैसे मोजकेच असतील तर आतलीला हात लावू नका, मागची ७२ ची घ्या. लेबलवर ६१++ असं लिहिलेली ती. थोडी खाली बाहेर येते, पण लॅपटॉप न उघडता, चालू असतानाच बदलता येते. वीज गेल्यावर आतली बॅटरी यंत्र सांभाळते, तेवढ्यात मागची काढून दुसरी चार्ज केलेली लावा.

बॅटरी आली की विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, एक जागा सोडून स्लॅश, त्याला जोडून बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाइप करा. जो अहवाल बनेल त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी बघा. नव्या बॅटरीत दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत आणि सायकल काउंट, म्हणजे किती वेळा चार्ज होऊन वापरली तो आकडा, शून्याच्या आसपास. ७२ च्या नावाखाली ४८ चा आकडा दिसला तर लगेच परत पाठवा. सुटी लिथियम बॅटरी प्रवासी विमानातून मालवाहतुकीने पाठवायला २०१६ पासून बंदी आहे, त्यामुळे पार्सल बहुधा रस्त्याने येईल. परीक्षेच्या तोंडावर मागवू नका.

निळीशाई

ताई, कुठलीही जुनी बॅटरी फुगलेली दिसली तर ती चार्ज करू नका, दाबू नका, कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे.

पाटीपेन्सिल

कळलं. टी४८० च्या एका यंत्रात आतलीच बॅटरी पूर्ण गेली आहे, म्हणजे ते उघडावं लागणार. आमचे एक सर करतील, पण घाबरतायत.

तांबडी_वायर

घाबरायचं कारण नाही. लेनोवोचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल साइटवर पीडीएफमध्ये आहे, त्यात प्रत्येक स्क्रू चित्रासकट दाखवलाय. सुरुवात करताना लॅपटॉप चालू होतानाच एफ१ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या पानावर, जा, कॉन्फिग, मग पॉवर, आणि तिथे डिसेबल बिल्ट-इन बॅटरी निवडा. लॅपटॉप बंद होईल. मागची बॅटरी काढा, चार्जर लावू नका, आणि मगच तळाचं झाकण उघडा. नवी बसवून चार्जर जोडला की बॅटरी आपोआप पुन्हा सुरू होते. सरांना कुठे अडलं तर इथेच फोटो टाका, मी रात्री दुकान बंद केल्यावर बघतो.