सांडपाण्याची सोय होईपर्यंत नव्या इमारतींना परवानगी थांबवावी का?

मुठाकाठ

मत आधीच सांगतो. जिथे मैलापाण्याची लाइन आणि शुद्धीकरण केंद्र दोन्ही जागेवर नाहीत, तिथे नव्या गृहप्रकल्पाला बांधकाम परवानगीच देऊ नये. ‘बिल्डर स्वतःचा एसटीपी, म्हणजे इमारतीपुरतं सांडपाणी शुद्धीकरण केंद्र, बांधेल’ या अटीवर तर मुळीच नाही.

पुणे महापालिकेत २०१७ साली ११ गावं आली, २०२१ साली आणखी २३. त्या २३ गावांचं नियोजन मात्र पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे दिलं. म्हणजे नकाशा एकाने पास करायचा आणि गटार दुसऱ्याने बांधायचं. जायका या जपानी संस्थेच्या कर्जातून ११ शुद्धीकरण केंद्रांचा, दिवसाला ३९६ दशलक्ष लिटर क्षमतेचा प्रकल्प आहे. त्याचा करार जानेवारी २०१६चा, कामं खऱ्या अर्थाने सुरू व्हायला २०२२ उजाडलं. तो आखला तेव्हा ही गावं पालिकेत नव्हतीच. मधल्या काळात टॉवर थांबले का?

जानेवारी २०२५मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे (गिलियन-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण निघाले. काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले. दोन्ही दूषित पाण्या-अन्नातून पसरतात. यानंतरही ‘विकास अडेल हो’ म्हणणाऱ्यांनी समोर यावं.

प्लॅन_पास

आलो समोर. माझा धंदाच नकाशे मंजूर करून आणण्याचा आहे, तेव्हा हितसंबंध आहेत असं समजूनच वाचा.

तुमचं म्हणणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. नदीत जाणारा मैला जुन्या शहराच्या नाल्यांतूनही येतो. तिथल्या इमारतींना स्वतःचा एसटीपी नाही, कुणी विचारतही नाही. उलट २० हजार चौरस मीटरच्या वर बांधकाम गेलं की २००६च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी घ्यायची, प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती दोनदा घ्यायची, एकदा बांधण्याआधी आणि एकदा वापर सुरू करताना. एवढं सगळं करणाऱ्यालाच तुम्ही थांबवणार.

आणि परवानगी थांबली म्हणून माणसं यायची थांबत नाहीत. मग गुंठा-दीड गुंठा घेतात, चार मजले चढवतात, शोषखड्डा खणतात आणि पंधरा फुटांवर बोअर मारतात. त्या घरांना ना संमती, ना एसटीपी. अशा तुकड्यांवरच्या घरांचा, म्हणजे गुंठेवारीचा कायदा २००१चा, पुढे डिसेंबर २०२०पर्यंतची बांधकामं नियमित करायची वाट काढली. तुमच्या बंदीतून नदी साफ होणार नाही, गुंठेवारी वाढेल.

सेक्रेटरी_बी_विंग

मी पिंपरी-चिंचवडचा. दोन्ही बाजूंनी एसटीपीबद्दल बोलताय, पण आत उतरून कुणी बघितलाय का?

आमचा तळघरात आहे. बिल्डरने ताबा दिला तेव्हा टाकीत हवा सोडणारे दोन ब्लोअर होते, त्यातला एक फक्त फोटोपुरता. ती हवा बुडबुड्यांनी पसरवणारे डिफ्यूझर फाटलेले. एका टाकीत पाणी उकळल्यासारखं एका कोपऱ्यातच हलायचं, बाकी टाकी शांत. वर्षभरातच एसटीपीतून फ्लशला पिवळट, वास मारणारं पाणी यायला लागलं. बायका-पोरांनी कमिटीला धारेवर धरलं. शेवटी प्लंबरने गच्चीवर एक व्हॉल्व्ह टाकून फ्लशिंगची टाकी चांगल्या पाण्याच्या लाइनला जोडली. तो व्हॉल्व्ह तेव्हापासून उघडाच आहे. इथे २०१९पासून एक दिवसाआड पाणी येतं आणि तेच आम्ही कमोडमध्ये ओततो.

वर नोटीस आली की एसटीपी चालू करा, नाहीतर नळजोड तोडू. ज्याने मोडका माल दिला त्याचा पूर्णत्वाचा दाखला शाबूत, आणि दंड आम्हाला. मुठाकाठ, तुमची बंदी नव्यांना. आमच्याबद्दल काय?

ब्लोअरवाला

सोसायट्यांचे एसटीपी चालवून पोट भरतो. खरी गोम दाखला कधी मिळतो यात आहे, ते कुणी बोलत नाही.

तपासणीच्या वेळी इमारत रिकामी असते. रिकाम्या इमारतीला सांडपाणी कुठलं? एसटीपी म्हणजे जिवंत जिवाणू, त्यांना रोज मैला लागतो. ३०० फ्लॅट धरा, घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर. दिवसाला दोन लाख लिटर पाणी, त्यातलं एक लाख साठ हजारांच्या आसपास सांडपाणी. टाक्या तेवढ्यासाठी बांधलेल्या. राहायला आलेली असतात वीस कुटुंबं. मग आम्ही दुसरीकडून टँकरने गाळ आणून सोडतो, शेण घालतो, वर गूळ आणि युरिया. नमुना घेईपर्यंत चालतं. रिपोर्टवर बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) दहाच्या आत. (हरित लवादाने २०१९मध्ये दहापर्यंत आवळा म्हटलं होतं, २०१७च्या अधिसूचनेत महानगरांना २० होता.) नंतर जिवाणू उपाशी मरतात. दोन वर्षांनी माणसं भरतात तेव्हा यंत्रं गंजलेली आणि बिल्डर पुढच्या साइटवर.

माझं म्हणणं एवढंच. बंदी नको. इमारत सत्तर टक्के भरून पुढे वर्षभर पाणी नीट निघेपर्यंत एसटीपी बिल्डरने चालवायचा, तोवर त्याची बँक गॅरंटी अडकलेली. आणि एकच मोठी टाकी न बांधता दोन समांतर बांधा, म्हणजे अर्ध्या इमारतीतही एक चालते.

सेक्रेटरीसाहेब, ताबा मिळून पाच वर्षं झाली नसतील तर रेरा या घरखरेदीदारांच्या कायद्याचं कलम १४(३) वाचा. त्यात फक्त भिंतीच्या भेगा नाहीत, सेवांमधले दोषही येतात. पण तक्रार लेखी हवी.

उजनीकर

तुमचं बीओडी तुमच्यापाशी. पुण्याचं सगळं मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून आमच्या धरणात. उन्हाळ्यात पाणी हिरवंगार, काठाला साय धरते, जाळ्यात चिलापीशिवाय काही लागत नाही. सोलापूर शहर हेच पितं. परवानगी देताना खालच्या गावाला विचारायची पद्धत आहे का कुठं?

मुठाकाठ

ब्लोअरवाला, माहिती मोलाची. पण तुमच्याच आकड्यांनी माझा मुद्दा पक्का होतो. फ्लशला माणशी ४५ लिटर धरलं तर १,५०० माणसांचे साडेसदुसष्ट हजार लिटर झाले. बाग, गाड्या धुणं धरून आणखी थोडं. उरलेलं ऐंशी-नव्वद हजार लिटर शुद्ध केलेलं पाणी रोज जाणार कुठे? लाइन नसेल तर नाल्यातच. तुमचा एसटीपी उत्तम चालला तरी लाइन लागतेच, आणि बिघडला त्या दिवशी तर मैलाच नाल्यात. म्हणून आधी लाइन.

गुंठेवारीची भीती खोटी नाही. पण एक बेकायदा बांधकाम रोखता येत नाही म्हणून दुसरं कायदेशीर करून घ्यायचं, हा युक्तिवाद मला पटत नाही.

प्लॅन_पास

लाइन टाकायला पैसा कुठून येतो? विकास शुल्कातून. ते कोण भरतं? आम्ही. परवानग्या थांबवल्या की तोही आटला. आधी लाइन म्हणा, पण पैसे कोण देणार तेही त्याच वाक्यात सांगा.

बँक गॅरंटीला मोठ्या बिल्डरचा विरोध नसेल. मरेल तो चाळीस फ्लॅटवाला.

सेक्रेटरी_बी_विंग

ब्लोअरवाला, सत्तर टक्के भरणार कधी? आमच्याकडे निम्मे फ्लॅट गुंतवणूकवाल्यांचे, कुलूपबंद. बिल्डर म्हणेल अजून भरली नाही, आम्ही म्हणू भरली, आणि गॅरंटीवर कोर्टात तारखा.

ब्लोअरवाला

फ्लॅट मोजूच नका. एसटीपीत सांडपाणी शिरतं तिथे, इनलेटला, फ्लो मीटर बसवा, रोजचं पाणी किती आलं ते मोजा. क्षमतेच्या निम्मं पाणी सलग सहा महिने आलं की घड्याळ सुरू. मीटर पालिकेने सील करायचा.

प्लॅन_पास

आणि सील तपासायला येणार कोण? आत्ता नमुना घ्यायला माणूस यायचा तर फोन करून येतो.

मुठाकाठ

तो माणूस मिळेपर्यंतच परवानगी थांबवा म्हणतोय मी.