सरासरी सुधारते, पण गरीब आईपर्यंत पैसा पोचतो का?

आसावरी_क
पब्लिक हेल्थचा कोर्स करतेय, असाइनमेंटचा विषय आहे माता-बाल आरोग्यातली समता, त्यात डेटा आणि फायनान्सिंगचा रोल. जिथे वाचावं तिथे एकच सूर, डेटा आला की पैसा आपोआप योग्य जागी जातो. जगात मातामृत्यूचं प्रमाण २००० ते २०२३ मध्ये साधारण ४० टक्क्यांनी कमी झालं हे चांगलंच, पण २०२३ मध्येही २ लाख ६० हजार बायका गेल्या आणि त्यातल्या ९२ टक्के गरीब आणि निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या. मग इतक्या डॅशबोर्डांचं होतं काय? कुणी या कामातलं आहे का इथे?

छेदवाला
डेटावर काम करतो म्हणून लिहितोय. मेन भानगड ही की दवाखान्याच्या रजिस्टरात जी आली तिचीच नोंद होते, जी आलीच नाही ती कुठेच नसते. आणि टक्का काढायचा तर छेदात एकूण गरोदर बायका किंवा एकूण बाळं लागतात, ती येतात जुन्या जनगणनेवरून काढलेल्या अंदाजातून. तो अंदाज खऱ्यापेक्षा कमी निघाला की एखाद्या जिल्ह्याचं लसीकरण ११२ टक्के दिसतं, मीटिंगमध्ये सगळे खूश, आणि त्याच जिल्ह्यातल्या टोकाच्या वस्तीत एकही डोस गेलेला नसतो. आता या आकड्यावर निधी वाटला तर जिथे आधीच गर्दी आहे तिथेच अजून पैसा जाणार ना!

मोहरीचं_तेल
+१. त्यात कामगिरीवर पैसे देण्याची फॅशन. रवांडाचं उदाहरण बघ ताई, तिथे आरोग्य केंद्रांना कामाप्रमाणे जादा पैसे दिले, त्याचा अभ्यास २०११ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. केंद्रात होणारी बाळंतपणं २३ टक्क्यांनी वाढली, पण गरोदरपणातल्या चार तपासण्या पूर्ण करणाऱ्या बायका काही वाढल्या नाहीत. बाळंतपणाला रेट जास्त होता, तपासणीला किरकोळ, संपला विषय. माणसं कामचुकार असतात असं नाही, पण कशाला पैसे मिळतात हे सगळ्यांना बरोबर कळतं. आणि दोन डोंगर ओलांडून जाऊन जिला आणायचं तिच्यासाठी तोच रेट असेल तर कोण जाणार.

आसावरी_क
ओके हे भारी आहे. पण मग गरीब कोण हे कळतं कसं? उत्पन्न विचारलं तर कोण खरं सांगणार?

छेदवाला
उत्पन्न विचारतच नाहीत. डीएचएस, म्हणजे १९८४ पासून चालणारे ते घरोघरचे सर्व्हे, किंवा युनिसेफचे एमआयसीएस, यांत घरातली जमीन मातीची की सिमेंटची, पाणी कुठून, संडास कसला, वीज, सायकल, मोबाइल हे सगळं टिपतात, त्यावरून स्कोअर काढून लोकसंख्येचे पाच सारखे गट पाडतात. मग सगळ्यात गरीब आणि सगळ्यात श्रीमंत गटातला फरक समोर येतो. जी दवाखान्यात गेली नाही तीही यात सापडते, हा मोठा फायदा. पण सर्व्हे चार-पाच वर्षांनी एकदा आणि बहुतेक देशांत जिल्हा पातळीचं चित्र त्यातून मिळत नाही, बजेट मात्र दर वर्षी ठरतं. त्यात २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत थांबली आणि डीएचएस एकदम अधांतरी. आता बोला डेटावर.

निवांत_पाटी
जरा उलट बोलतो. नवी सोय आली की आधी श्रीमंतच घेतात, तफावत वाढते, श्रीमंतांचं भरलं की मग गरिबांचा नंबर लागतो, हे ब्राझीलचे साथरोगतज्ज्ञ सीझर व्हिक्टोरा यांनी २००० मध्येच मांडलंय. म्हणजे एका सर्व्हेत तफावत वाढली म्हणून लगेच योजनेला नावं ठेवू नका, ती कोणत्या टप्प्यावर आहे ते बघा. पण सरकारनं हेच कारण पुढे करून वीस वर्षं वाट बघायला लावली तर तो शुद्ध बहाणा आहे.
बाकी पैशाचं म्हणशील तर ग्लोबल फायनान्सिंग फॅसिलिटी, म्हणजे माता-बाल आरोग्यासाठीचा जागतिक निधी, त्याबद्दल वाच, २०१५ मध्ये अदिस अबाबाला सुरू झाली, वर्ल्ड बँकेत आहे. छोटं अनुदान द्यायचं, ते बँकेच्या मोठ्या कर्जाला जोडायचं आणि देशाकडूनच प्राधान्यक्रम लिहून घ्यायचा, अशी साधारण रचना. कागदावर छान आहे. पण मंजूर किती झाले एवढंच बघू नकोस, खर्च किती आणि कुठल्या जिल्ह्यात ते शोध, वर्ष संपताना आलेला हप्ता तसाच परत जातो आणि असं जास्त करून तिथेच होतं जिथे हिशोब ठेवायला माणूसच नसतो.

छेदवाला
बरोबर. आणि आसावरी, असाइनमेंटसाठी एक कर, कुठल्याही एका देशाचे दोन सर्व्हे घे आणि पाच गटांत नुसती दवाखान्यातली बाळंतपणं नको, सिझेरियनही काढ. दवाखान्यात आली एवढ्यानं भागत नाही, गरज पडली तेव्हा ऑपरेशन झालं का ते महत्त्वाचं. गरीब गटात बाळंतपणं भरपूर वाढलेली आणि सिझेरियन एक-दोन टक्क्यांवरच अडकलेलं दिसलं तर समज की खाट मिळाली, सर्जन, भूल देणारा आणि रक्त नाही मिळालं. मग पैसा कुठे टाकायचा यावर लिहायला तुला पानं पुरणार नाहीत.