पीएलए-पीबीएटीमध्ये हॅलॉयसाइट घातल्यावर फिल्म ठिसूळ होते

एमटेक_पॉलिमर:
पीएलए (कडक जैवविघटनशील प्लास्टिक) 70, पीबीएटी (लवचीक जैवविघटनशील प्लास्टिक) 30, त्यात एकूण वजनाच्या 5 टक्के हॅलॉयसाइट नॅनोनळ्या (अतिसूक्ष्म नळ्यांच्या मातीची भुकटी). भुकटी दाण्यांबरोबर पिशवीत हलवून थेट ट्विन स्क्रूच्या (दोन स्क्रूंनी प्लास्टिक वितळवून मिसळणारं यंत्र) मुख्य हॉपरला दिली. 190 अंश, 150 आरपीएम. पीएलए 80 अंशांवर 4 तास वाळवलं होतं, भुकटी जशी आली तशीच वापरली. मॉड्युलस (कडकपणा) थोडा वाढला, पण इलाँगेशन (तुटण्याआधी फिल्म किती ताणते) निम्म्याहून खाली आलं. फिल्म उजेडाकडे धरली की ठिपके दिसतात. भुकटीला सिलेन (माती आणि प्लास्टिक जोडणारं रसायन) लावू की प्रमाण 3 टक्क्यांवर आणू?

दाणेदार:
सिलेनचं नंतर बघा. आधी भुकटी वाळवा. हॅलॉयसाइट मातीच आहे, हवेतली ओल धरून बसते. भुकटीत 3 टक्के ओल धरली, तर 5 टक्के भुकटीबरोबर 1500 पीपीएम (दशलक्षात 1500 भाग) पाणी वितळलेल्या पीएलएत जातं. पीएलएला 250 पीपीएमच्या वर पाणी चालत नाही. त्याच्या रेणूंच्या साखळीतले एस्टर बंध तुटतात, साखळी आखूड होते. भुकटी ट्रेमध्ये पातळ पसरून 110 अंशांवर व्हॅक्यूम ओव्हनमध्ये रात्रभर ठेवा आणि गरम असतानाच डबा बंद करा. पीबीएटी मात्र 60-65 वरच वाळवा, 80 ला दाणे एकमेकांना चिकटतात.

दुसरी चूक पिशवीची. भुकटी दाण्यांवरून गळून हॉपरच्या भिंतीला बसते आणि मग एकदम घसरते. कधी 2 टक्के जाते, कधी 8. म्हणून आधी 20 टक्क्यांचा मास्टरबॅच (जास्त भुकटीचं आधी केलेलं मिश्रण) करा. 2 किलोच्या बॅचला:
भुकटी 100 ग्रॅम + पीबीएटी 400 ग्रॅम, 150-160 अंशांवर एक फेरी.
मग हा 500 ग्रॅम मास्टरबॅच + पीएलए 1324 + पीबीएटी 168 + इपॉक्सी गटांचा चेन एक्स्टेंडर (तुटलेल्या साखळ्या जोडणारं रसायन) 8 ग्रॅम, 180-185 अंश.

वितळबिंदू:
वाळवण्याबद्दल सहमत. मास्टरबॅच पीबीएटीत करण्याबद्दल मात्र थोडं जपून. पीबीएटी पीएलएत थेंबांसारखं विखुरतं; नळ्या त्या थेंबांतच राहिल्या तर जो भाग लवचीक हवा तोच कडक होतो आणि इलाँगेशन पुन्हा पडतं. पीएलएत केला तर त्यातलं 400 ग्रॅम पीएलए दोनदा तापतं, हा त्याचा तोटा. तरी पहिली फेरी पीबीएटीतच घ्या, स्वस्तात कळतं. पट्टी द्रव नायट्रोजनमध्ये मोडून एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) बघा: नळ्या थेंबात आहेत, सीमेवर आहेत की बाहेर पीएलएत? सीमेवर असतील तर उत्तम, थेंब एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत.

सिलेन लावायचंच असेल तर अमिनो नको, ग्लायसिडॉक्सी घ्या. अमाइन पीएलएच्या एस्टरवरच हल्ला करतं.

एमटेक_पॉलिमर:
धन्यवाद. ठिपके भुकटीच्या गुठळ्यांचे की जेलचे (साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन न वितळणारे गोळे), हे कसं ओळखायचं? आणि 5 टक्के खरंच गेलेत का?

दाणेदार:
ठिपका ब्लेडने कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. भुकटीची गुठळी खालून उजेड दिला की काळी दिसते, सुईने टोचली तर चुरते. जेल पारदर्शक, भिंगासारखं असतं आणि सुईला रबरासारखं दबतं. जेल निघालं तर चेन एक्स्टेंडर निम्म्यावर आणा.

प्रमाणासाठी टीजीए (नमुना तापवत वजन मोजण्याची चाचणी): हवेत 800 अंशांपर्यंत न्या. हॅलॉयसाइटचं रचनेतलं पाणी, म्हणजे वजनाच्या सुमारे 14 टक्के, त्यात निघून जातं. म्हणून 5 टक्के भुकटीला राख 5 नव्हे, 4.3 टक्के यायला हवी. हे विसरून भुकटी कमी पडली असं अनेक जण लिहून मोकळे होतात. नमुने रोलच्या तीन वेगळ्या ठिकाणांहून घ्या, राख 3.5 ते 5 अशी हलत असेल तर फीडिंग अजून बिघडलेलंच आहे.

वितळबिंदू:
आणि एमएफआय (वितळलेलं प्लास्टिक किती सहज वाहतं तो आकडा) काढाच, 190 अंश, 2.16 किलो. पण तुलनेची बिनभुकटीची बॅच त्याच स्क्रूतून तितक्याच फेऱ्या नेलेली आणि तितकाच चेन एक्स्टेंडर घातलेली हवी. भुकटीवाला आकडा तिच्याहून वर गेला तर साखळी तुटतेय, म्हणजे ओल अजून शिल्लक आहे. 3 टक्क्यांचा प्रयोग त्यानंतर.