अपडेटनंतर लिनक्स बूट होईना: आधी दुरुस्ती की सरळ फॉरमॅट?

खडकवासला:
स्पष्टच लिहितो. अपडेट केल्यावर लिनक्स चालू होत नाही म्हटलं की पहिला सल्ला "फॉरमॅट मार" हाच मिळतो, आणि तो बंद व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे. मामेबहिणीचा लॅपटॉप असाच अडकला. उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार), डिस्कला एन्क्रिप्शन लावलेलं, संध्याकाळी अपडेट झालं आणि सकाळी काळ्या स्क्रीनवर कर्नल पॅनिक (कर्नल म्हणजे सिस्टीमचा गाभा, तोच अडकला), "अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन ब्लॉक शून्य शून्य". कॉलेजजवळच्या दुकानात नेला तर त्यांनी डिस्क उडाली म्हणून सांगितलं आणि फॉरमॅट करून दिला. विहिरींच्या सर्व्हेच्या सगळ्या शीट्स गेल्या, पोरगी गावोगाव फिरून मोजमापं घेऊन आली होती. तिने स्क्रीनचा काढलेला फोटो मला नंतर बघायला मिळाला.

तो मेसेज डिस्क मेल्याचा नाहीच! कर्नल चालू झाला, पण त्याच्यासोबत जी इनिटरॅमएफएस नावाची फाईल लोड व्हावी लागते, जी डिस्क उघडून देते, ती मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि एन्क्रिप्शनवाल्या उबुंटूत याचं नेहमीचं कारण म्हणजे बूटचं पार्टिशन, म्हणजे कर्नल ठेवायचा डिस्कचा वेगळा छोटा भाग, भरणं. जुने इन्स्टॉलर त्याला अर्धा-पाऊण जीबी जागा द्यायचे, आता एकेका कर्नलची ही फाईल सहज शंभर एमबीच्या वर जाते, त्यात एनव्हिडियाचे ड्रायव्हर असले की अजून फुगते, दोन-तीन कर्नल साठले की नवी फाईल बनताना "नो स्पेस लेफ्ट" येतं, ते कोणी वाचत नाही आणि मशीन बंद करून झोपतात.

उपाय असा. चालू करताना एस्केप, जुन्या बायोसवर शिफ्ट, दाबून ग्रबचा, म्हणजे लिनक्स चालू करून देणाऱ्या बूटलोडरचा, मेनू आणायचा, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जायचं, तिथे आधीचा कर्नल बहुतेक वेळा तसाच असतो, तो निवडायचा. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर नुसतं ग्रबचं प्रॉम्प्ट येतं आणि माणूस घाबरतो, तिथे "नॉर्मल" टाईप करून एंटर आणि लगेच एकदा एस्केप, मेनू परत येतो. आत गेल्यावर टर्मिनलमध्ये डीएफ कमांडने बूटची जागा बघा, ऑटोरिमूव्हने जुने कर्नल काढा (यूनेम कमांडने जो चालू दिसतोय तो सोडून), मग इनिटरॅमएफएस परत बनवा आणि अपडेट-ग्रब चालवा. बहिणीचा डेटा बहुतेक जागच्या जागी होता हो, फॉरमॅटनेच गेला. तुमचं मत सांगा.

लॅबवाले_सर:
बहिणीचं वाचून वाईट वाटलं, पण निष्कर्षाशी असहमत. मी तालुक्याच्या कॉलेजात लॅब सांभाळतो, सगळी मशीन डेबियनवर, तेही लिनक्सच. प्रॅक्टिकलची बॅच दारात उभी असते तेव्हा एका मशीनचा कर्नल का रुसला याचा शोध घेत बसणं मला परवडत नाही. क्लोनझिलाची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची प्रत, तयार ठेवलेली आहे, पेनड्राइव्ह लावला की अर्ध्या तासात मशीन नव्यासारखं. मुलांचं काम सर्व्हरवर असतं, मशीनवर काहीच नसतं.

आणि दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. दुरुस्ती सुरक्षित आणि फॉरमॅट धोक्याचा असं तुम्ही गृहीत धरलंय. नवशिक्या माणूस लाईव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून लिनक्स थेट चालतं) क्रूट करून, म्हणजे बिघडलेल्या सिस्टीमच्या आत शिरून, कुठूनतरी कमांड कॉपी करून, दुसऱ्याच्या डिस्कचं नाव न बदलता ग्रब-इन्स्टॉल मारतो ते भलत्याच डिस्कवर जातं. माउंट असलेल्या, म्हणजे वापरात असलेल्या, पार्टिशनवर एफएससीके (फाईल सिस्टीम दुरुस्त करणारी कमांड) चालवणारे पाहिलेत मी, आणि तिथे जो डेटा खराब होतो तो परत येत नाही. त्यापेक्षा लाईव्ह पेनड्राइव्हवरून चालू करा, होम फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, उघडून बघा, आणि मग नव्याने टाका. सामान्य माणसाला झेपणारा आणि निकाल नक्की देणारा रस्ता हाच.

वाशिष्ठी:
सर, लॅबचं गणित वेगळं आणि घरचं वेगळं. आमच्या चिपळूणला पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. डेस्कटॉपला यूपीएस नाही, अपडेट चालू असताना लाईट गेली की पॅकेजं अर्धवट राहतात, नंतर लॉगिनपर्यंत जात नाही किंवा रेझोल्युशन भलतंच येतं. अशा वेळी ग्रबच्या त्याच मेनूत रिकव्हरी मोड आहे, त्यात डीपीकेजी नावाचा पर्याय निवडायचा, तो अर्धवट राहिलेली पॅकेजं पुरी करतो. रूट शेलमध्ये (पूर्ण अधिकाराच्या कमांड लाईनवर) गेलात तर डीपीकेजी ला "कन्फिगर ऑल" सांगायचं, तेच होतं. माझ्या सासूबाईंना मी फोनवर सांगून हे करून घेतलंय, त्यांना इंग्रजी वाचता येतं पण कॉम्प्युटरचं काही येत नाही. याच्यासाठी फॉरमॅट?? प्रिंटर परत लावा, मराठी कीबोर्ड परत बसवा, बँकेच्या सहीच्या टोकनचा ड्रायव्हर परत शोधा, अर्धा तास फक्त इन्स्टॉलला लागतो, घर पूर्ववत व्हायला आठवडा जातो. होम कॉपी केलं की सगळं आलं असं नसतं सर.

रोलिंगप्रेमी:
दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडताय. प्रश्न बिघडल्यावर काय करायचं हा नाहीच, अपडेटच्या आधी मागे फिरायची सोय का नव्हती हा आहे. ओपनसुसे हे लिनक्स बघा, बीटीआरएफएस या फाईल सिस्टीमवर प्रत्येक अपडेटच्या आधी आणि नंतर स्नॅपर हे टूल आपोआप स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टीमची त्या क्षणाची नोंद, घेतो, नाही चालू झालं तर ग्रबमधून कालचा स्नॅपशॉट निवडायचा, सगळं ठीक दिसलं की स्नॅपर रोलबॅक देऊन तोच कायम करायचा, संपलं. फेडोरा सिल्व्हरब्लूमध्ये जुनी अख्खी सिस्टीम मेनूत शिल्लक असते. मिंटवाल्यांना टाईमशिफ्ट हे स्नॅपशॉटचं टूल पहिल्या दिवसापासून मिळतं आणि बरेच जण ते चालूच करत नाहीत.

बाकी आर्चचं उदाहरण देतो, म्हणजे दुरुस्तीवाल्यांनाही कळेल. ऑगस्ट 2022 मध्ये ग्रबचं पॅकेज अपडेट झालं, पण डिस्कवर बसवलेला ग्रब जुनाच राहिला आणि कॉन्फिग नवी बनली, दोघांचं जमेना आणि मशीन बूट होईनात, आर्चवरच बेतलेल्या एंडेव्हरओएसवाल्यांना तर जास्तच त्रास झाला. तिथे मेनूपर्यंतच जाता येत नव्हतं, मग तुमचा जुना कर्नल निवडणार कुठून? लाईव्ह पेनड्राइव्हवरून आर्च-क्रूट, ग्रब-इन्स्टॉल, ग्रब-एमकेकॉन्फिग करावंच लागलं.

खडकवासला:
@रोलिंगप्रेमी स्नॅपशॉटला माझा पाठिंबाच आहे, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात, नाहीतर लोक निर्धास्त होतात. एक, टाईमशिफ्ट मूळ सेटिंगमध्ये होम फोल्डर घेत नाही, ते सिस्टीमसाठी आहे, बॅकअप म्हणून त्यावर विसंबू नका. दुसरं, बूटचं पार्टिशन वेगळं असेल आणि तुम्ही फक्त रूटचा, म्हणजे सिस्टीमच्या मुख्य पार्टिशनचा, स्नॅपशॉट मागे नेलात तर कर्नल नवा आणि त्याचे मॉड्यूल (ड्रायव्हर वगैरे) जुने अशी फाटाफूट होते, वायफाय गेलं, कीबोर्ड गेला असले प्रकार त्यातूनच होतात. ओपनसुसेत बूट फोल्डर रूटच्याच आत असतं म्हणून ते जमतं. उबुंटूवर हाताने बीटीआरएफएस बसवणाऱ्यांनी हे आधी तपासा.

@लॅबवाले_सर क्रूट करताना चूक होते हे मान्य, म्हणून तर मी क्रूट आधी सांगितलंच नाही. जुना कर्नल, मग रिकव्हरी मोड, तिथेही नाही झालं तरच लाईव्ह पेनड्राइव्ह. या पहिल्या दोन पायऱ्यांत डिस्कचं नावच टाईप करावं लागत नाही.

गोदाकाठ:
मी तर म्हणतो चालू मशीनला हात लावायचाच कशाला? आमच्या ऑफिसचा सर्व्हर वर्षानुवर्षं चालतोय, अपडेट बंद. जुलै 2020 आठवतंय का, ग्रबमध्ये बूटहोल नावाची त्रुटी सापडली, रेड हॅटने घाईने पॅच दिला आणि तो लावल्यावर रेड हॅट आणि सेंटओएसचे सर्व्हर चालूच होईनात, शेवटी त्यांनाच सांगावं लागलं की थांबा, लावू नका. सुरक्षेसाठी म्हणून दिलेल्या अपडेटनेच दार बंद केलं. ज्यांनी काही केलं नाही ते सुखात होते.

लॅबवाले_सर:
@गोदाकाठ इथे मात्र मी खडकवासलांच्या बाजूने उभा आहे. जानेवारी 2022 मध्ये लिनक्सच्या पीकेएक्सेक या प्रोग्राममधली पॉनकिट त्रुटी बाहेर आली, 2009 पासून ती तिथे होती, मशीनवर साधं खातं असलेला कोणीही तिच्यामुळे रूट, म्हणजे पूर्ण अधिकाराचा मालक, होऊ शकत होता. माझ्या लॅबमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याचं साधं खातं आहे, बाहेर आल्यावर काही तासांत तिचा गैरफायदा घेणारे प्रोग्राम सगळीकडे फिरत होते, मी अपडेट थांबवून बसलो असतो तर परीक्षेच्या मार्कांच्या फाईलसुद्धा सुरक्षित राहिल्या नसत्या. बूटहोलच्या वेळी दुरुस्त पॅकेजं थोड्याच दिवसांत आली. त्यातून शिकायचं ते एवढंच की आधी एका मशीनवर लावा, रीबूट करून बघा, मग बाकीच्यांवर. वर्षानुवर्षं न लावणं हा उपाय नाही.

गोदाकाठ:
सर तुमच्याकडे एक मशीन प्रयोगाला आहे, आमच्या पतसंस्थेकडे सर्व्हर एकच आहे. सोमवारी सकाळी तो उठला नाही तर काउंटरवरच्या माणसांना मी पॉनकिट समजावून सांगू का? बाहेरून येणारा रस्ता फायरवॉलने बंद आहे, आत खातं फक्त दोघांचं. प्रत्येक जागेचा धोका वेगळा असतो, तो न बघता "अपडेट लावलंच पाहिजे" म्हणणं मला पटत नाही.

वाशिष्ठी:
@गोदाकाठ लोकांचे पैसे ज्याच्यावर आहेत तो सर्व्हर वर्षानुवर्षं रीबूट न होता चालतोय ही तर मला काळजीची गोष्ट वाटते. लाईट जाईल, यूपीएस संपेल, तेव्हा तो उठेल की नाही हे आज कोणालाच माहीत नाही. शनिवारी दुपारी, बॅकअप घेऊन, तुम्ही समोर असताना रीबूट करा ना.

खडकवासला:
फॉरमॅटवाल्यांसाठी अजून एक उदाहरण, कारण इथे फॉरमॅट करूनही काही होत नाही. ऑगस्ट 2024 मधलं विंडोजचं अपडेट. ड्युअल बूटवाल्यांच्या (एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स) लिनक्सवर "एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड, समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग" असा मेसेज येऊन मशीन बंद व्हायला लागली. ड्युअल बूट असेल तिथे हे लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, तरी झालं. जुन्या बूटलोडरना नकार देणारी एसबॅट नावाची यादी मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये लिहिली गेली होती, डिस्कवर नाही! त्यामुळे लिनक्सचं पार्टिशन पुसून काही फायदा नव्हता, ज्या पेनड्राइव्हवरून परत टाकायचं त्यालाही सिक्युअर बूट (चालू होताना बूटलोडर तपासणारी फर्मवेअरची सोय) तोच मेसेज देऊन अडवत होतं. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करायचं, लिनक्स जसंच्या तसं चालू होतं, मोकयुटिल या कमांडला एसबॅट पॉलिसी डिलीट करायला सांगायचं, रीबूट करून लिनक्स एकदा चालू होऊ द्यायचं, मग सिक्युअर बूट परत चालू. बिघाड कुठे आहे हे न बघता डिस्क पुसायची ही सवयच माझ्या रागाचं कारण आहे.

नवा_पक्षी:
माफ करा मध्येच लिहितोय. माझं आत्ता तेच झालंय. मिंट आहे, काल बरेच दिवसांनी सगळे अपडेट लावले, आज चालू केलं तर "स्टार्ट जॉब इज रनिंग" असं काहीतरी दीड मिनिट मोजत राहतं आणि मग "यू आर इन इमर्जन्सी मोड". जुन्या कर्नलने पण तेच. होम कॉपी करून नव्याने टाकू का? उद्या दुपारी जीएसटीचं रिटर्न भरायचंय, सगळी बिलं याच्यातच आहेत.

लॅबवाले_सर:
बिलं आधी वाचवा. लाईव्ह पेनड्राइव्ह लावा, होम फोल्डर दुसऱ्या डिस्कवर घ्या, दोन-चार पीडीएफ उघडून खात्री करा. त्यानंतर काय करायचं ते ठरवू.

खडकवासला:
बिलांबद्दल सरांचं बरोबर, ते आधी करा. पण नव्याने टाकू नका अजून. जुन्या कर्नलनेही तेच होतंय म्हणजे हा नव्या कर्नलचा दोष वाटत नाही. दीड मिनिट थांबून इमर्जन्सी मोड म्हणजे सिस्टीमडी (मशीन चालू होताना सगळं सुरू करणारा प्रोग्राम) एखाद्या डिस्कची वाट बघतंय आणि ती सापडत नाहीये. कधी बाहेरची हार्ड डिस्क कायमची लावून ठेवली होती का? "बरेच दिवसांनी" अपडेट केलंत म्हणजे बहुतेक बरेच दिवसांनी पूर्ण बंदही केलंत, मध्ये नुसतं झाकण लावत असाल. अपडेटच्या माथी जाणारे कितीतरी बिघाड आधीचेच असतात, पहिल्या रीबूटला दिसतात.

नवा_पक्षी:
हो! दोन टीबीची डिस्क होती, एका मित्राने "आपोआप लागेल" असं करून दिलं होतं. ती भावाने कोल्हापूरला नेली लग्नाचे व्हिडिओ बघायला. झाकणच लावतो मी रोज, बरोबर.

खडकवासला:
मग तेच असणार. इमर्जन्सी मोडमध्ये एंटर मारा, नॅनो एडिटरने ईटीसी फोल्डरमधली एफएसटॅब (कोणत्या डिस्क आपोआप जोडायच्या याची यादी) उघडा. त्या डिस्कची ओळ शोधा, तिच्यात मीडिया किंवा एमएनटी असं काहीतरी दिसेल, तिच्या सुरुवातीला फक्त हॅशचं चिन्ह घाला. बाकी एकाही ओळीला हात लावू नका. सेव्ह होत नसेल तर रूट रीड-ओन्ली आहे, "माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /" देऊन परत करा. मग रीबूट.

लॅबवाले_सर:
थांबा, रूटच्या ओळीपुढे चुकून हॅश लागला तर अजून घोळ होईल. सेव्ह करायच्या आधी फोटो काढून इथे टाका, आम्ही दोघं बघतो.

नवा_पक्षी:
फोटो टाकलाय. चौथी ओळ, एनटीएफएस लिहिलंय तीच ना?

लॅबवाले_सर:
हो तीच. करा सेव्ह.

नवा_पक्षी:
झालं चालू!! सगळं जसंच्या तसं आहे, बिलं पण. दोघांचेही मनापासून आभार.

लॅबवाले_सर:
छान झालं. पण माझं मत बदललेलं नाही. इथे दोन जाणकार समोर होते आणि फोटो बघत होते म्हणून हे जमलं, रात्री अकरा वाजता एकटा बसलेला माणूस ती ओळ ओळखू शकला नसता. त्याच्यासाठी होम कॉपी करून नव्याने टाकणं हाच सरळ मार्ग आहे.

खडकवासला:
सर, एकटा बसलेला माणूस नव्याने टाकताना "इरेज डिस्क" वर क्लिक करतो तेव्हाही शेजारी कोणी नसतं, आणि तिथे चुकीला हॅश काढून परत येता येत नाही. यावर आपलं एकमत होणार नाही, चालेल.

@नवा_पक्षी डिस्क कोल्हापूरहून परत आली की ती ओळ चालू करताना चौथ्या रकान्यात, जिथे डिफॉल्ट्स लिहिलंय, तिथे स्वल्पविराम देऊन, मध्ये जागा न सोडता, नोफेल जोडा. म्हणजे डिस्क नसली तरी मशीन पुढे जाईल. आणि उद्या रिटर्न भरून होईपर्यंत आता काहीच बदलू नका.