स्वाहिलीत ‘दुखतं’ला इतके शब्द कसे? बांटू भाषांची जाण असणाऱ्यांनी सांगावं

नेरूळ_मदतकक्ष
नमस्कार मंडळी. नवी मुंबईतल्या एका रुग्णालयात परदेशी पेशंटच्या मदतकक्षावर आहे. केनिया, टांझानियाची कुटुंबं येतात. दुभाषी दिवसा असतो. रात्री दुखणं आणि औषध विचारण्यापुरती स्वाहिली हवी आहे. ‘म्तू’ म्हणजे माणूस आणि ‘वातू’ म्हणजे माणसं, इथवर कळलं. पण ‘दुखतंय’ला एक जण उनाउमा म्हणतो, दुसरा किनाउमा, तिसरा यानाउमा. बरोबर कोणतं? वेळ सांगतानाही घोळ होतो. आणि ही बांटू भाषा आहे म्हणतात, तर पेशंटला ‘तुम्ही बांटू का?’ असं विचारलं तर चालेल का?

कोपरी_व्याकरण
ताई, तिन्ही बरोबर. आपण डोकं दुखतं, पाय दुखतो, दाढ दुखते, पाय दुखतात म्हणतो ना? नामाची खूण आपण क्रियापदाच्या शेवटी लावतो, स्वाहिली ती सुरुवातीला लावते. किच्वा किनाउमा म्हणजे डोकं दुखतंय. म्गू उनाउमा, पाय दुखतोय; मिगू इनाउमा, दोन्ही पाय दुखतायत. तुम्बो लिनाउमा, पोट. जिनो लिनाउमा हा एक दात, मेनो यानाउमा हे अनेक. मधला ‘ना’ चालू काळाचा, ‘उमा’ हा दुखण्याचा धातू, आणि पुढचं अक्षर कुठल्या नामाबद्दल बोलणं चाललंय ते सांगतं. त्यामुळे घाईत नाम नीट ऐकू आलं नाही तरी ‘उना’ की ‘इना’ एवढ्यावरून एक पाय की दोन्ही, हे कळतं.

ही लिंगं नव्हेत, वर्ग आहेत. माणसांचा म्-वा (म्गोंज्वा हा एक रुग्ण, वागोंज्वा अनेक). झाडं आणि बरेच अवयव म्-मि मध्ये: म्कोनो-मिकोनो, हात. वस्तू कि-वि मध्ये: किदोंगे ही एक गोळी, विदोंगे अनेक. पुस्तकांत वर्गांना १८ पर्यंत क्रमांक दिसतील. ते पाठ करत बसू नका. एकवचन-अनेकवचनाची जोडी एकत्र म्हणा, म्हणजे खूण आपोआप बसते. ही सवय किती पक्की आहे पाहा: ‘किताबू’ हा अरबीतून आलेला, आपल्या किताबचाच भाऊ. त्यातला ‘कि’ मूळ शब्दाचाच, पण स्वाहिलीने तो खूण मानला आणि अनेकवचन केलं ‘विताबू’!

दोन गोष्टी सांभाळा. ‘अनाउम्वा’ म्हणजे आजारी आहे. तो की ती, हे त्यातून कळत नाही. कागदावर लिहिण्याआधी वेगळं विचारा. आणि म्गू हा आपल्या ‘पाय’सारखाच, मांडीपासून बोटांपर्यंत सगळा. ‘वापी?’, म्हणजे कुठे, असं विचारून बोट ठेवायला सांगा.

सानपाडा_फार्मसी
वेळेचं मी सांगतो, कारण डोस तिथेच चुकतो. विषुववृत्ताजवळ वर्षभर सूर्य सहाच्या आसपास उगवतो, म्हणून तास तिथून मोजतात. सकाळचे ७ म्हणजे ‘सा मोजा असुबुही’, शब्दशः एक वाजला. दुपारचे १२ म्हणजे ‘सा सिता’, सहा. घड्याळ आपल्यासारखंच लावलेलं असतं, काटा जिथे आहे त्याच्या बरोबर समोरचा आकडा बोलला जातो. आता रात्री ८ची गोळी सांगायची आणि तुम्ही आठसाठी ‘नाने’ शिकलात म्हणून ‘सा नाने उसिकू’ म्हणालात, तर कुटुंब रात्री २चा गजर लावेल. बरोबर शब्द ‘सा म्बिली उसिकू’. इंग्रजी येणारे इंग्रजीत बोलताना मात्र आपल्यासारखेच आठ म्हणतात, म्हणून कागदावर काटे काढलेलं घड्याळ द्याच.

फेरतपासणीच्या वाराचंही तसंच. जुमामोसी म्हणजे पहिला, पण तो शनिवार. रविवार जुमापिली. म्हणून जुमातातू, म्हणजे ‘तिसरा’, हा सोमवार. तातू म्हणजे तीन म्हणून मंगळवार धरला की माणूस चुकीच्या दिवशी येतो. बुधवार जुमातानो, बांटू ‘पाच’वरून, गुरुवार अल्हामिसी, अरबी ‘पाच’वरून. एका आठवड्यात दोन पाचवे, आणि तेही लागोपाठ.

ठाणे_पूर्व_वाचक
‘बांटू’ विचारू नका. हा भाषाकुळाचा शब्द आहे, विल्हेल्म ब्लीक या जर्मन अभ्यासकाने १९व्या शतकात रूढ केलेला. झुलूत उमुन्तू म्हणजे माणूस, अबान्तू म्हणजे माणसं. त्यातलाच हा ‘न्तू’, तुमच्या म्तू-वातूमध्येही तोच. कुळात सुमारे ५०० भाषा आहेत, कॅमेरूनपासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत. पण दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी सरकारने तो शब्द माणसांवर शिक्क्यासारखा मारला, १९५३चा शिक्षणकायदाही त्याच नावाचा. म्हणून तो माणसाला लावला की दुखावतो.

शिवाय केनियाचा प्रत्येक जण या कुळातला नाही. किकुयू, कांबा, लुह्या या बांटू भाषा. लुओ आणि मासाई नायलोटिक, म्हणजे वेगळ्याच भाषाकुळातल्या. त्यांची घरची भाषा वेगळी, स्वाहिली बहुतेकांना शाळेतून आणि बाजारातून येते. तेव्हा ‘तुम्हाला स्वाहिली सोयीची की इंग्रजी?’ एवढंच विचारा. वडीलधाऱ्यांना आधी ‘शिकामो’ म्हणा. पाय धरतो, असा त्याचा मूळ अर्थ सांगतात, आपल्या ‘पाया पडतो’सारखा. उत्तर येईल ‘माराहाबा’. दुखणं ऐकल्यावर ‘पोले साना’, म्हणजे ‘फार वाईट वाटलं’, म्हणायला विसरू नका. हे शब्द औषधाच्या शब्दांइतकेच कामाचे आहेत.

नेरूळ_मदतकक्ष
मनापासून आभार. ‘दोन गोळ्या, दिवसातून तीनदा, जेवणानंतर’साठी असं लिहिलंय: विदोंगे म्बिली, मारा तातू क्वा सिकू, बादो या कुला. ठीक आहे का?

कोपरी_व्याकरण
दोन दुरुस्त्या. ‘विदोंगे विविली’ हवं, कारण आकडाही नामाची खूण घेतो. १ ते ५ आणि ८ घेतात. ६, ७, ९, १० घेत नाहीत. म्हणून विदोंगे वितातू, पण विदोंगे सिता. ‘मारा तातू’ बरोबर आहे, मारा ज्या वर्गातला त्यात आकड्याला वेगळी खूण दिसत नाही. दुसरी चूक जास्त महत्त्वाची: ‘बादो’ म्हणजे ‘अजून नाही’. ‘नंतर’ला ‘बाआदा’, आ लांबवून. ‘बाआदा या कुला’ लिहा. आणि गोळी घेतली का विचारल्यावर कुणी नुसतं ‘बादो’ म्हणालं, तर गोळी घ्यायची राहिली आहे.

उच्चारात ‘म्तू’चा म् पूर्ण वेगळा म्हणा, ‘मुतू’ करू नका. ‘चाकुला’, म्हणजे जेवण, यातला च चहातला, चांगल्यातला नव्हे.